बाबांसाठी डिमेन्शिया केअर होम बघतोय, "सेफ" आहे हे कसं ओळखायचं?

रानजाई :
नमस्कार मंडळी, लिहू की नको करत शेवटी लिहितेय. बाबांना अल्झायमर्स आहे, निदान होऊन चार वर्षं झाली. आई ७४ची, त्यांना उठवून बसवून तिची पाठ कामातून गेलीय. रात्री बाबा तीनतीनदा उठून दाराची कडी काढतात, मागच्या महिन्यात पहाटे बाहेर पडले ते दीड तासाने सापडले, अनवाणी, पाय सोललेले. त्यानंतर आईने आणि आम्ही भावंडांनी बसून ठरवलं की आता घरी नाही निभणार. हा निर्णय झालाय, त्यावर रडूनही झालंय, तेव्हा ठेवावं की न ठेवावं यावर नको बोलायला प्लीज.

प्रश्न वेगळा आहे. तीन ठिकाणं बघून आलो, तिन्हीकडे चकाचक लॉबी, सीसीटीव्ही, गेटवर माणूस, आणि तिन्हीकडे तेच वाक्य, इथे ते एकदम सेफ असतील. तिसऱ्या ठिकाणी हॉलमध्ये पंधरावीस जण खुर्च्यांवर बसले होते, सकाळचे अकरा वाजलेले, टीव्ही चालू, आणि आम्ही आत शिरलो तरी कोणी म्हणजे कोणी मान वळवून बघितलं नाही. मॅनेजर म्हणाले, बघा किती शांत वातावरण आहे. भावाला आवडलं. मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं पण का ते त्याला सांगता येईना. माझंच काही चुकतंय का? काय बघायचं, काय विचारायचं, कुठे काही ठरलेले निकष असतात का, माहीत असेल त्यांनी सांगा.

ओंजळ :
रानजाई, काही चुकत नाहीये तुमचं. मी अकरा वर्षं अशा सेंटर्समध्ये नर्स होते. डिमेन्शियाची वीस माणसं एका हॉलमध्ये असली की तिथे आवाज असतो हो. कोणी तोच प्रश्न पन्नासाव्यांदा विचारतंय, कोणी फेऱ्या मारतंय, कोणी तेच टेबल परत परत पुसतंय, दोघांची खुर्चीवरून जुंपलीय, आणि नवीन माणूस दिसला की एखादी आजी हात धरून "कधी आलीस गं" विचारणारच. अकरा वाजता सगळे गप्प असतील तर एक तर गोळी देऊन गप्प केलंय, नाहीतर बोलून काही उपयोग होत नाही हे कळून ती माणसं आपोआप गप्प झालीत. हे दुसरं मला जास्त लागतं.

म्हणून सगळ्यात आधी हे विचारा, तुमच्याकडे किती जणांना शांत ठेवायची औषधं चालू आहेत, कोणी लिहून दिली, आणि ती चालू ठेवायची की नाही हे शेवटचं कधी तपासलं. उत्तर आकड्यात यायला हवं. "गरज लागली तर देतो" असं म्हणाले तर लगेच विचारा, गरज लागली हे कोण ठरवतं? रात्री दोन वाजता ती गरज बहुतेक वेळा स्टाफची असते. मी तो स्टाफ होते, म्हणून सांगतेय.

दिवेलागण :
मी वृद्धांच्या आजारांचा डॉक्टर आहे, ओंजळ यांच्या म्हणण्याला थोडी भर घालतो. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही नावं चिठ्ठीवर दिसली की थांबून विचारायचं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २००५ साली यातल्या नव्या औषधांवर आणि २००८ साली जुन्यांवरही सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, की डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये यांनी मृत्यूचा धोका वाढतो. १७ चाचण्या एकत्र बघितल्या होत्या, साधारण दहा आठवड्यांच्या. औषध घेणाऱ्यांत मृत्यू सुमारे ४.५ टक्के आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत सुमारे २.६ टक्के. हार्ट फेल किंवा अचानक हृदय बंद पडणं नाहीतर न्यूमोनिया, ही कारणं जास्त. ब्रिटनमध्ये २००९ साली सरकारने करून घेतलेल्या अहवालात वर्षाला सुमारे १,८०० जादा मृत्यूंचा अंदाज होता.

याचा अर्थ कधीच द्यायची नाहीत असा नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला खरोखर इजा करत असेल, किंवा भास होऊन थरथर कापत असेल, तर लहान डोस, ठरावीक मुदत, आणि साधारण दर सहा आठवड्यांनी परत तपासणी. चालू असलेलं औषध घरच्यांनी आपल्या मनाने एकदम बंदही करू नये. आणि निदान लेवी बॉडी डिमेन्शियाचं असेल तर ते प्रवेशाच्या फॉर्मवर ठळक लिहून द्या, कारण त्यांना हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाची जीवघेणी रिॲक्शन येऊ शकते, अंग लाकडासारखं कडक होतं. आणि ते लिहिलेलं रात्रपाळीच्या माणसाला माहीत आहे ना, हेही विचारा.

सावली :
वाचता वाचता हात थांबले माझे. माझी आई दोन वर्षं एका केअर होममध्ये होती, नाव लिहीत नाही. पहिले काही महिने चांगले गेले. मग फोन यायला लागले की तुमच्या आई हिंसक झाल्यात, आंघोळ घालताना मारतात, ओरबाडतात. आयुष्यात माझ्या आईने आम्हाला चापट मारली नव्हती. मला इतकी लाज वाटली की मी त्यांची माफी मागितली. त्यांनी एक गोळी सुरू केली, मला फोनवर "थोडं शांत वाटण्यासाठी" एवढंच सांगितलं, मी हो म्हटलं. पंधरा दिवसांनी गेले तर आई खुर्चीत तिरकी पडलेली, लाळ गळतेय, मला बघून डोळे उघडले आणि परत मिटले. महिन्याभरात ती पडली, मग उठेचना, मग कमरेखाली बेडसोर झाला तो हाडापर्यंत गेला. हॉस्पिटलमध्ये नेल्यावर तिथल्या फिजिओने तिचा डावा हात वर केला तेव्हा ती किंचाळली. खांदा जखडलेला होता, कितीतरी महिन्यांचा. रोज आंघोळीला तोच हात धरून वर करत होते ते लोक, आणि ती मारत होती. तिला शब्द सापडत नव्हते एवढंच.

मी पण किती वेळा गेले होते या काळात, मलाही नाही कळलं. हे लिहायचं होतं कधीचं.

अबोली :
सावली, कुठलेच शब्द पुरे नाहीत. तुम्ही लिहिलंत म्हणून कोणाच्या तरी आईचा खांदा आज तपासला जाईल.

दिवेलागण :
सावली, तुम्ही सांगितलंत ते दुर्मिळ नाही, आणि त्यात दोष तुमचा नव्हता. नॉर्वेत यावर मोठी चाचणी झालीय, २०११ साली प्रसिद्ध झाली, १८ नर्सिंग होममधली ३५२ माणसं, सगळ्यांना डिमेन्शिया आणि सगळे "चिडचिडे, आक्रमक" म्हणून नोंदलेले. निम्म्यांना आठ आठवडे ठरलेल्या पायऱ्यांनी वेदनेवरचं औषध दिलं, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉलच, आणि त्या गटातला चिडचिडेपणा साधारण १७ टक्क्यांनी खाली आला.

बोलता न येणाऱ्याची वेदना मोजायच्या पद्धती आहेत. पेनॅड नावाची एक पट्टी २००३ पासून वापरात आहे, श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजावलं तर शांत होतो का, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. काही मिनिटांचं काम आहे. "ज्यांना सांगता येत नाही त्यांचं दुखणं तुम्ही कसं ओळखता?" एवढं विचारा आणि समोरचा काय सांगतो ते ऐका. पट्टीचं नाव नाही आलं तरी चालेल, पण "ते सांगतात की दुखलं तर" असं उत्तर आलं तर त्या जागेला आजारच कळलेला नाही.

दुसरं, चार दिवसांत माणूस एकदम बदलला, जास्त गोंधळला किंवा एकदम सुस्त झाला, तर तो आजार वाढलेला नसतो, बहुतेक वेळा दुसरं काहीतरी असतं. युरिन इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, नवीन गोळी. डिमेन्शिया असा आठवड्यात उडी मारत नाही.

रानजाई :
सगळ्यांचे खूप आभार, सावली तुमचे जास्त. भावाला धागा वाचायला दिला. त्याने एवढंच म्हटलं की तिसरं ठिकाण यादीतून काढ.

तटबंदी :
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. गोळ्यांचं पटलं. पण माझे वडील ज्या ठिकाणी होते तिथे "आम्ही कोणाला बांधत नाही" असं अभिमानाने सांगायचे, आणि वडील रात्री उठले, पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तीन महिन्यांत गेले. एक पट्टा बांधला असता खुर्चीला, नाहीतर पलंगाला कठडे लावले असते तर ते आणखी जगले असते असं मला आजही वाटतं. सन्मान वगैरे ठीक आहे पण आधी माणूस जिवंत तर राहू दे. घरच्यांनी लेखी परवानगी दिली तर बांधायला काय हरकत आहे?

ओंजळ :
तटबंदी, राग कसला मानायचा. वडील गेल्यावर असं वाटणारच.

पण मी सुरुवातीची चार वर्षं जिथे होते तिथे बांधायचे, तेव्हा काय व्हायचं ते सांगते. बांधलेला माणूस सुटायचा प्रयत्न करतो. कठडे लावले तर तो कठड्यावरून चढतो, आणि मग पलंगाच्या उंचीवरून पडायच्या ऐवजी त्याहून फूट दीड फूट वरून पडतो. कठडा आणि गादीच्या फटीत मान किंवा छाती अडकून माणसं गेलीत, म्हणून एफडीएने २००६ साली त्या फटी किती असाव्यात याची मापंसुद्धा दिली. पट्टा पोटावरून छातीवर सरकला तर श्वास कोंडतो. आणि रोज बांधून ठेवलेल्या माणसाच्या पायातली ताकद काही आठवड्यांत जाते, मग ज्या दिवशी सोडाल त्या दिवशी तो नक्की पडतो. लघवी जागेवर, बेडसोर, ते वेगळंच. अमेरिकेत १९८७ साली कायदाच झाला की शिस्तीसाठी किंवा स्टाफच्या सोयीसाठी कोणाला बांधायचं नाही, औषधानेही नाही. तिथे नंतर बांधणं खूप कमी झालं, पण त्यामुळे पडून होणाऱ्या गंभीर इजा वाढल्या असं दिसलं नाही.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला विचारावंसं वाटतं ते असं की ते कशासाठी उठले? माणूस रात्री दोनला उगाच उठत नाही. बहुतेक वेळा लघवीला. आम्ही एका ठिकाणी नुसतं बघितलं की कोण किती वाजता उठतं आणि त्याच्या अर्धा तास आधी जाऊन बाथरूमला नेऊन आणायला लागलो, पडणं कमी झालं. पलंग जमिनीजवळ येईल असा, शेजारी जाड गादी, पायाशी मंद दिवा, माणूस उठला की वाजणारी चटई, आणि ती वाजल्यावर धावत यायला माणूस. "बांधत नाही" एवढं अर्धंच काम आहे, बांधायच्या ऐवजी काय करता हे त्या लोकांनी केलं नव्हतं असं मला वाटतं.

तटबंदी :
वाजणारी चटई नव्हती. रात्री एक माणूस होता २८ जणांना. सकाळी साडेपाचला बघितलं त्यांनी, कधी पडले कोणालाच माहीत नाही. हे मी आत्तापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, पट्ट्यावरच राग काढत होतो.

पाऊलवाट :
तटबंदी, मनापासून वाईट वाटलं वाचून.

मी आर्किटेक्ट आहे, दोन अशा इमारतींचं काम केलंय, जागेबद्दल सांगते. लॉबी बघूच नका. पलंगावर झोपून बघा की तिथून संडासचं दार दिसतं का. दिसलं तर माणूस जातो, नाही दिसलं तर शोधत फिरतो आणि मग लोक म्हणतात कंट्रोल गेला. संडासची सीट आणि फरशी दोन्ही पांढरं असेल तर त्यांना सीट वेगळी दिसतच नाही, सीट गडद रंगाची हवी. चकचकीत फरशी त्यांना ओली वाटते, दारातली काळी चटई खड्डा वाटतो, मग तिथे येऊन थांबतात, पाय उचलत नाहीत, आणि स्टाफला वाटतं हट्टीपणा करतायत. संध्याकाळी दिवे लवकर आणि भरपूर लागले पाहिजेत, सावल्यांनी भीती वाढते.

गरम पाणी. आंघोळीच्या नळातून येणारं पाणी ४४ अंशांच्या वर जायला नको, असा ब्रिटनमधला नियम आहे, कारण ही माणसं चटका बसला तरी हात काढत नाहीत किंवा सांगत नाहीत. टाकीत मात्र ते ६० अंशांपर्यंत तापवतात, नाहीतर लेजिओनेलाचे जंतू वाढतात, म्हणून नळाशी गारगरम मिसळणारा व्हॉल्व्ह लागतो. तो आहे का विचारा, आणि नळाखाली स्वतः हात धरा.

दारं. कुलूपबंद जागा असेल तर आग लागली की ती दारं आपोआप उघडतात का? रात्री जितकी माणसं ड्यूटीवर असतात तितक्यातच बाहेर काढायची रंगीत तालीम कधी केली होती? दिवसाच्या पूर्ण स्टाफने केलेल्या तालमीला काही अर्थ नाही.

आणि फिरायला जागा. ज्याला चालायचंय त्याचा कॉरिडॉर बंद दारापाशी संपला की तो दार बडवतो. फिरून परत तिथेच येणारी वाट असेल, मध्ये बाक, बाहेर बागेत जायला उघडं दार, तर त्याच माणसाचं चालणं चालणंच राहतं. नेदरलँड्समध्ये वेस्प गावात होगेवेक म्हणून अख्खी वस्ती आहे, २००९ पासून, सहासात जणांची घरं, मध्ये रस्ते, चौक, दुकान, आणि सगळ्याला मिळून बाहेरचं एकच दार. तसं सगळीकडे बांधता येणार नाही हे मला माहीत आहे, पण गोल फिरणारी वाट आणि बागेचं दार एवढं तर साध्या घरातही करता येतं.

रानजाई :
बाबांना चालायला लागतंच, ते एका जागी दहा मिनिटं बसत नाहीत. ओंजळ, स्टाफ किती असला पाहिजे याचा काही आकडा आहे का? प्रत्येकजण "पुरेसा आहे" म्हणतो.

ओंजळ :
आहे ना. ऑस्ट्रेलियात वृद्धांच्या केअर होम्सची मोठी चौकशी झाली, रॉयल कमिशन, २०१९ च्या त्यांच्या पहिल्या अहवालाचं नावच "दुर्लक्ष" असं होतं. २०२१ ला शेवटचा अहवाल आला, १४८ शिफारशी. त्यानंतर तिथे माणशी रोजची मिनिटं ठरवून दिली, ऑक्टोबर २०२४ पासून सरासरी २१५ मिनिटं, त्यातली ४४ रजिस्टर्ड नर्सची. हिशोब करून बघा, ३० माणसं असतील तर दिवसाला एकशे साडेसात तास, म्हणजे आठ तासांच्या तेरा चौदा ड्यूट्या, तिन्ही पाळ्या मिळून, आणि त्यात स्वयंपाकी, सफाईवाले, ऑफिसवाले धरायचे नाहीत. हे तिथलं बंधन आहे, सगळीकडे नाही, पण मोजपट्टी म्हणून डोक्यात ठेवा. "वीस जणांचा स्टाफ आहे" म्हणाले तर विचारा की आज रात्री तीन वाजता या मजल्यावर कोण जागं असेल, नावं सांगा.

किती दिवस टिकतात हेही विचारा. दर दोन महिन्यांनी चेहरे बदलत असतील तर बाबांना कुठल्या बाजूने उठवायचं, कानात कुठल्या बाजूने बोलायचं हे कोणालाच माहीत नसणार. आणि ट्रेनिंग. आंघोळ कशी घालायची एवढंच शिकवून भागत नाही, माणूस नको म्हणाला तर काय करायचं ते शिकवलंय का? चांगल्या जागी उत्तर येतं की वीस मिनिटांनी परत विचारतो, नाहीतर आज नुसतं अंग पुसून घेतो. वाईट जागी दोघी मिळून धरतात.

टॉम किटवुड म्हणून ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी अशा जागांमध्ये तासन्‌तास बसून लिहून ठेवलं की वाईट हेतू नसलेली माणसंसुद्धा समोरच्याला कसं पुसून टाकतात. त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचं, घाई करायची, लहान मुलासारखं "आ कर" म्हणायचं, तो बोलत असताना मध्येच त्याची खुर्ची ढकलत न्यायची. मी हे सगळं केलंय. वाचल्यावर दोन दिवस ड्यूटीवर जाववत नव्हतं. भेटीला जाल तेव्हा जेवणाच्या वेळी जा आणि भरवणारी व्यक्ती बसून भरवतेय की उभी राहून, एवढंच बघा.

सावली :
माझ्याकडून अजून एक, वजन. दर महिन्याला वजन करतात का आणि तो कागद तुम्हाला दाखवतात का. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट म्हणजे धोक्याची खूण असं मला नंतर कळलं. साठ किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो. माझ्या आईचं नऊ किलो उतरलं होतं आणि वहीत दर महिन्याला तोच जुना आकडा उतरवला होता. तोच, दशांशासकट.

दिवेलागण :
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. केअर प्लॅन मागा आणि तारखा बघा. सगळ्या ओळी एका पेनाने एका अक्षरात असतील, दर दोन तासांनी कूस बदलली अशी नोंद पहाटे दोन, चार, सहा अगदी घड्याळ लावून असेल, तर ती एका बैठकीत भरलेली असते. खऱ्या नोंदीत २.२० असतं, ४.०५ असतं, मध्येच "झोपले होते, उठवलं नाही" असं असतं.

पडल्याचे आकडेही विचारा. "आमच्याकडे कोणी पडत नाही" असं म्हणाले तर एक तर बांधतात किंवा लिहीत नाहीत. मागच्या महिन्यात पाच जण पडले, त्यातल्या दोघांच्या चपला बदलल्या, एकाची बीपीची गोळी कमी केली, असं सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवीन.

अबोली :
माझ्या सासूबाई शेवटच्या स्टेजला आहेत, साडेतीन वर्षं केअर होममध्ये. रानजाई, तुम्हाला हे आत्ता लागणार नाही पण प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवा की गिळता येईनासं झालं की काय करता. आमच्याकडे ठसका लागायला लागला तेव्हा स्पीच थेरपिस्टने येऊन बघितलं, जेवण किती मऊ, पाणी किती दाट हे लिहून दिलं, मान किंचित पुढे आणि जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. नाकातून नळी घालायची का असं आमच्यात घरी खूप झालं. डॉक्टरांनी समजावलं की या स्टेजला नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही, आणि नळी उपटू नये म्हणून हात बांधावे लागतात. आम्ही नाही घातली. चमचा चमचा भरवतात, एका जेवणाला चाळीस मिनिटं लागतात, आणि तिथली मुलगी ती चाळीस मिनिटं बसते. मला तर एवढं दिसलं की बाकी काही तपासावंसं वाटत नाही.

दिवेलागण :
अबोली, तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच सांगितलं. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीचंही २०१४ पासून हेच मत आहे, आजाराच्या शेवटच्या टप्प्यात नळीपेक्षा हाताने सावकाश भरवणं.

ओंजळ :
रानजाई, एक राहिलं. बाबा रात्री उठून कडी काढतात म्हणालात. ते काम काय करायचे?

रानजाई :
कारखान्यात सुपरवायझर होते. २६ वर्षं, त्यातली बरीचशी रात्रपाळीच. अरे देवा. मी हे कधी जोडलंच नाही.

आईला आत्ता विचारलं. ती म्हणाली दर दोन तासांनी राउंड असायचा त्यांचा, सगळी दारं, सगळे व्हॉल्व्ह बघून यायचं.

ओंजळ :
मग जिथे जाल तिथे हे पहिल्या दिवशी सांगा, आणि ते लिहून घेतात का बघा.

रानजाई :
तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. आणखी दोन ठिकाणं बघितली, दोन्हीकडे न कळवता संध्याकाळी साडेसहाला गेलो. एकीकडे आत सोडलं नाही, भेटायची वेळ अकरा ते एक म्हणाले. दुसरीकडे लॉबीच नाही, दारात चपलांचा ढीग, भिंतीला एका ठिकाणी रंग उडालेला, आणि आत गोंधळ. एक आजोबा वर्तमानपत्राच्या घड्या घालत होते, एक आजी मोठ्याने कोणाला तरी बोलावत होत्या आणि एक अटेंडंट त्यांच्याशेजारी गुडघ्यावर बसून "कोण यायचंय?" विचारत होती. जेवण चाललेलं, भरवणारे बसलेले होते. शांत करायची औषधं ३४ पैकी तिघांना, तिसऱ्याची कमी करत आणलीय म्हणाल्या तिथल्या सिस्टर. पडल्याची वही त्यांनी स्वतःहून उघडून दाखवली. रात्री दोन मजल्यांवर मिळून चारजण जागे. नळाखाली हात धरला, कोमट होतं. आगीच्या तालमीचं उत्तर काही समाधानकारक नव्हतं, मागच्या वर्षी केली आणि तीही दिवसा, तेव्हा पाऊलवाट यांचा मुद्दा लेखी देऊन आलोय, पुढच्या महिन्यात रात्री करतो म्हणालेत, मी पाठपुरावा करणार.

बाबांना तिथे ठेवून आज बारा दिवस झाले. पहिले चार दिवस भयंकर होते, ते आईला हाका मारत होते आणि मी गाडीत बसून ऐकत होते. सहाव्या रात्री अडीचला फोन आला, माझा जीव गेला. सिस्टर म्हणाल्या बाबा पलंगावरून घसरून खालच्या गादीवर आले, डोकं आपटलं नाही, कुठे दुखत नाही असं तपासलंय, बीपी अमुक आहे, आत्ता दूध पितायत, सकाळी डॉक्टर बघतील, झालंय ते तुम्हाला कळायला हवं म्हणून फोन केला. मी रडले, पण तटबंदी, मला तुमच्या वडिलांची आठवण आली, साडेपाच वाजता नाही कळलं मला, अडीचला कळलं.

आणि राउंड. रात्रीचा जो मुलगा असतो तो साडेबाराला आणि अडीचला त्यांना बरोबर घेऊन कॉरिडॉर फिरतो, बाबा एकेक दार ढकलून बघतात, हा "बंद आहे साहेब" म्हणतो, आणि मग ते झोपायला जातात. सगळ्या रात्री जमतं असं नाही. परवा चारपर्यंत जागेच होते, कडी नाही म्हणून चिडले, एकदा त्या मुलाचा हात पिरगाळला. पण गोळी विचारायला कोणाचा फोन नाही आला.

तटबंदी :
वाचलं. बरं वाटलं. त्या मुलाला माझा नमस्कार सांगा.

ओंजळ :
छान झालं. आता एक करा, बाबांच्या चपला बघा. घरच्या सपाता दिल्या असतील तर काढा, मागून पूर्ण बंद आणि तळव्याला रबर असलेले बूट द्या, अर्धा नंबर मोठा, कारण दिवसभरात पाय सुजतात. दोन जोड द्या, एक धुवायला लागतो. आणि आतल्या बाजूला नाव घाला.

रानजाई :
सपाताच दिल्यात. उद्या घेऊन जाते.